खोली अकरा वाट पाहते आहे

वृद्धाश्रमातून फोन आला तेव्हा भिंगरी दुसऱ्याच एका ऑफिसात टेबलाखाली उताणी पडून, कुठल्या शहाण्याने कुठली वायर कुठे खुपसली आहे ते शोधत होती. फोन व्यवस्थापकांचा होता. हा माणूस 'हॅलो'सुद्धा परिपत्रक वाचल्यासारखं म्हणायचा.

"मॅडम, आपला सर्व्हर पुन्हा भरला."

"आपला नाही, तुमचा," भिंगरी म्हणाली. "ज्यांनी घंटा बसवल्या त्यांना बोलवा."

"त्यांचा फोन लागत नाही. बहुतेक ती कंपनीच उरलेली नाही."

"मग मी काय करू?"

"काल दोन नंबरचे आजोबा न्हाणीघरात पडले. घंटा दाबत राहिले, पण इकडे वाजलीच नाही. बऱ्याच वेळाने कोणाच्या तरी लक्षात आलं." व्यवस्थापकांनी आवाज हळू केला. "हाड मोडलं नाही. पण आम्ही आत गेल्यावर त्यांनी जे शब्द वापरले ते मला फोनवर सांगता येणार नाहीत."

भिंगरीच्या हातातली वायर सुटली. आता नाही म्हणायला तोंड नव्हतं.

तिचं कागदोपत्री नाव वेगळं होतं, पण एका जागी बूड टेकत नाही म्हणून आत्याने लहानपणीच भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. आईवडील लवकर गेले. वाढवलं आत्याने, आणि लाडाने वगैरे नाही, चांगलं पाठीत धपाटे घालून वाढवलं. म्हातारपणी ती आपण होऊन वृद्धाश्रमात राहायला गेली. "तुझ्या घरात भांडायला माणूस नाही," म्हणाली. "तू सदा कामावर. भिंतींशी भांडून भांडून माझी जीभ गंजेल." तिथे तिला खोली अकरा मिळाली आणि भांडायला अख्खा मजला मिळाला. तिथल्या ऑफिसातले कॉम्प्युटर बघायचं काम भिंगरीने घेतलं ते त्यासाठीच. दुरुस्तीच्या निमित्ताने वर जाऊन आत्याच्या शिव्या खाता यायच्या.

मग एका दुपारी आत्या गेली. फोन आला तोवर सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर भिंगरीने त्या इमारतीत पाऊल टाकलं नव्हतं. आत्याची पिशवीसुद्धा तिने शेजारणीला पाठवून आणवली. लोक म्हणाले, बिचारीला फार लागलंय. लागलं होतंच, पण न जाण्याचं कारण वेगळं होतं. तिला तिथल्या माणसांना एकच प्रश्न विचारायचा होता आणि तो विचारायची छाती होत नव्हती. बरं वाटेनासं झालं तेव्हा आत्याने घंटा दाबली असणार. दाबल्यावर कोणी गेलं होतं, की ती छताकडे बघत एकटीच पडून होती? 'गेलो होतो' म्हणाले तर ते खरं कशावरून? आणि 'नाही गेलो' म्हणाले तर ते उत्तर उशाशी घेऊन उरलेल्या रात्री काढायच्या. त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं म्हणून ती ढकलत होती.

आणि आता सर्व्हर भरला म्हणे. जायलाच हवं होतं.

सर्व्हर तळमजल्यावर, चादरींच्या कपाटात होता. वरच्या फळीवर उशांचे अभ्रे, खालच्या फळीवर रबरी शीट, आणि मधल्या फळीवर सगळ्या मजल्याची काळजी वाहणारं ते यंत्र, अंगावर टॉवेल पांघरून. भिंगरीने आधी टॉवेल काढला.

"धूळ बसू नये म्हणून घातला होता," व्यवस्थापक म्हणाले.

"धूळ बसली नाही खरी. गुदमरून मेला असता एवढंच."

तिने चादरींच्या गठ्ठ्यावर बैठक मारली आणि लॅपटॉप वायफायने जोडला. डिस्क गच्च भरली होती, सुई टाकायला जागा नव्हती, त्यामुळे घंटांचा प्रोग्रॅमच अडकून पडत होता. आणि जागा खाणारा चोर शोधायलाही लागला नाही, समोरच बसला होता. तो होता घंटांच्या प्रोग्रॅमचा लॉग. लॉग म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःशी केलेली बडबड: आता हे झालं, मग ते झालं, असं ओळीओळीने लिहून ठेवलेलं. शहाणा प्रोग्रॅम मोजकं लिहितो. या दिवट्याच्या तोंडाला लगामच नव्हता.

"ती फाइल मी रोज स्वतः डिलीट करतो," व्यवस्थापक छाती पुढे काढून म्हणाले. "तरी जागा होत नाही. संध्याकाळी मशीन बंद करून चालू केलं की होते. हा काय चमत्कार आहे ते मला अजून उमगलेलं नाही."

"चमत्कार कसला. प्रोग्रॅम ती फाइल धरून बसलेला असतो. खुर्चीवर माणूस बसलेला असताना तुम्ही सामानाच्या यादीतून खुर्ची खोडता. यादीतून गेली, पण माणूस बसलाच आहे ना तिच्यावर? तो उठेपर्यंत खुर्ची रिकामी कशी होईल?"

व्यवस्थापकांनी यावर विचार केला. "मग आपण मोठी डिस्क घेऊ," ते म्हणाले.

"म्हशीला रोग आणि पखालीला औषध. मोठी घेतली तर तीही भरेल. पहिल्यांदा भरली तेव्हा पुन्हा भरायला किती वेळ लागला होता?"

"महिनाभर तरी. मग आठवड्याला भरायला लागली. आता सकाळी पुसली की दुपारच्या चहाला भरते."

भिंगरीचे कान टवकारले. चोरी रोज तेवढीच होत असती तर गोष्ट वेगळी होती. ही वाढत होती. तिने प्रोग्रॅम बंद करून चालू केला, जागा मोकळी झाली, जुनं लिखाण आपोआप कापलं जाईल अशी सोय केली, आणि दोन मिनिटं नुसती बघत बसली. कापणारा आणि लिहिणारा यांच्या शर्यतीत लिहिणारा आरामात पुढे चालला होता. तेव्हा तिने तो नेमकं लिहितो तरी काय ते वाचायला घेतलं. हे तिने आधीच करायला हवं होतं, पण पडद्यावर धावणारी ओळ न् ओळ वाचायचा कंटाळा शहाण्यासुरत्या माणसांनाही येतोच.

खोली चार वाट पाहते आहे. पलंगाशी कोणी आलेलं नाही.

खोली सात वाट पाहते आहे. पलंगाशी कोणी आलेलं नाही.

खोली दोन वाट पाहते आहे. पलंगाशी कोणी आलेलं नाही.

असं सेकंदा-सेकंदाला, खोल्यांमागून खोल्या. प्रत्येक ओळीपुढे घंटा केव्हा दाबली त्याची तारीख आणि वेळ होती. काही घंटा आजच्या होत्या, काही मागच्या महिन्यातल्या, काही तर पार यंत्रणा बसवली त्या आठवड्यातल्या. ज्या ज्या वेळी ज्या कोणी घंटा दाबली, ती प्रत्येक घंटा या प्रोग्रॅमच्या लेखी अजून वाजत होती, आणि प्रत्येक घंटेसाठी तो दर सेकंदाला एक ओळ लिहीत होता. रोज नव्या घंटांची भर पडणार, जुनी एकही मिटणार नाही. डिस्क बिचारी काय करेल.

दुसरा कोणी असता तर इथे चुटकी वाजवली असती. भिंगरीला मात्र खोली अकरा आठवली. नको नको म्हणत तिच्या बोटांनी अकरा हा आकडा टाइप केला.

खोली अकराच्या ओळींचा ढीग आला. तिने तारीख शोधली. आत्या गेली ती दुपार तिथे होती. पलीकडे नेहमीचंच वाक्य: खोली अकरा वाट पाहते आहे. पलंगाशी कोणी आलेलं नाही. एक सेकंद गेला आणि तीच ओळ पुन्हा आली. मग पुन्हा.

"सापडलं का काही?" व्यवस्थापकांनी विचारलं.

भिंगरी लॅपटॉप काखेत मारून उठली. तिच्या बुडाखालचा चादरींचा गठ्ठा कोसळला, तो तिने उचलला नाही. जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत ती वरच्या मजल्यावर गेली. तिथे व्हरांड्याच्या तोंडाशी मोठ्या सिस्टरांचं टेबल होतं. मोठ्या सिस्टर म्हणजे देहानेही मोठ्या आणि आवाजानेही. आत्याशी बरोबरीने भांडू शकणारी मजल्यावरची ती एकमेव व्यक्ती.

"आलीस का बाई," त्या म्हणाल्या. "किती दिवसांनी. बस."

"बसायला नाही आले. तुमच्याकडे माणसं घंटा दाबतात तेव्हा तुम्ही काय करता सिस्टर? मोजे विणता?"

सिस्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. "काय झालं?"

"खाली मशीन सांगतंय. एकाही घंटेला कोणी गेलेलं नाही. यंत्रणा बसवल्यापासून एकाही. लोक मेले तरी त्यांच्या घंटा चालू आहेत." तिचा आवाज फाटला. "माझ्या आत्याची चालू आहे."

व्हरांड्यात दोन नंबरचे आजोबा कपाळाला पट्टी लावून आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी भांडण नीट ऐकू यावं म्हणून कानातल्या यंत्राचा आवाज वाढवला.

सिस्टर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, भिंगरीला भांडायचंच होतं. तेवढ्यात टेबलावरच्या दिव्यांच्या पाटीवर सात नंबरचा लाल दिवा लागला आणि घंटा कोकलायला लागली. सिस्टरांनी आवाज बंद करायचं बटण दाबलं आणि हाक दिली. "मामा, सात."

मामा म्हणजे मजल्यावरचे जुने वॉर्डमामा. बादली खाली ठेवून ते सातमध्ये गेले. उघड्या दारातून दिसत होतं: त्यांनी सात नंबरच्या आजींना बसतं केलं, पाणी पाजलं, ओठ पुसले, परत निजवलं, त्यांचं काहीतरी लांबलचक म्हणणं मान डोलावत ऐकून घेतलं आणि बाहेर आले.

"आता जा आणि बघ तुझं मशीन काय म्हणतंय," सिस्टर म्हणाल्या.

लॅपटॉप भिंगरीच्या काखेतच होता. तिने तिथेच उघडला. खोली सात वाट पाहते आहे. पलंगाशी कोणी आलेलं नाही.

भिंगरीला तोंडात मारल्यासारखं झालं. मग डोकं चालायला लागलं. अकरा नंबरच्या ओळींचा तो ढीग आत्याच्या कित्येक महिन्यांच्या घंटांचा होता. आत्याला इतक्या वेळा कोणी विचारलं नसतं तर तिने इमारतीला काडी लावली असती. निदान भिंगरीला रोज सत्तर फोन तरी केले असते. एवढी साधी गोष्ट रागाच्या भरात सुचली नव्हती.

"पलंगाशी माणूस आला हे मशीनला कळतं कसं?" तिने विचारलं.

"डोक्याशी भिंतीवर हिरवं बटण आहे. गेलेल्या माणसाने ते दाबायचं असतं."

"मग दाबत का नाही?"

सिस्टरांनी मामांकडे पाहिलं, मामांनी बादलीकडे पाहिलं. आजोबा खुर्चीतून म्हणाले, "सांगा, सांगा. तिच्याच आत्याचा पराक्रम आहे."

इथेच सगळं घोडं पेंड खात होतं. हिरवं बटण दाबलं की भिंतीतून एका बाईचा नाजूक आवाज यायचा: सेवा पूर्ण झाली, धन्यवाद. तोही असा खणखणीत की अख्ख्या मजल्याला कळावं. बेडपॅन दिलं, सेवा पूर्ण झाली. कवळी शोधून दिली, सेवा पूर्ण झाली. अर्धवट झोपेतले आजोबा एकदा तो आवाज ऐकून 'बरं, चला' म्हणत उठून बसले, आपल्याला न्यायला आले असं समजून. तेव्हा आत्याने सगळ्या मजल्याला व्हरांड्यात गोळा केलं.

"काय भाषण केलं होतं," आजोबा म्हणाले. "सेवा पूर्ण झाली म्हणजे काय, मेले का मी, म्हणाली. माझी सेवा कधी पूर्ण होणार ते मी सांगेन, भिंतीने सांगायचं नाही. ज्या कोणी ते बटण दाबलं त्याच्या हातचं पाणी मी पिणार नाही. आम्ही सगळ्यांनी हात वर केले. मला तर दोन्ही हात वर करायचे होते, एक उठत नाही."

"त्या दिवसापासून हिरव्या बटणाला कोणी हात लावलेला नाही," सिस्टर म्हणाल्या. "आम्हालाही ती बया नकोशीच झाली होती. काम करायचं आणि यायचं."

"आणि खाली कोणी सांगितलं नाही?"

"व्यवस्थापकांना? त्यांनी बटण कसं दाबावं यावर परिपत्रक काढलं असतं."

भिंगरीला हसू आलं. नको त्या वेळी आलं आणि आवरेना. म्हणजे तिची आत्या, जिला टीव्हीचा रिमोट उलटा धरायची सवय होती, तिने एका भाषणात सर्व्हर आडवा केला होता. भल्याभल्या हॅकरांना जमत नाही ते. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिने ते बाहीने पुसलं, आणि आता विचारलं नाही तर कधीच विचारणार नाही, हे तिला कळलं.

"सिस्टर, त्या दुपारी कोण गेलं होतं?"

सिस्टरांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मी नव्हते गं. खाली नवीन माणूस दाखल होत होतं, तिथे अडकले होते. वर मामा होते."

मामा तोवर बादली घेऊन व्हरांड्याच्या पार टोकाला गेले होते. मघापासून या माणसाने एकदाही तिच्या नजरेला नजर दिली नव्हती. आधी तिने ते, सांत्वन करताना सगळ्यांनाच अवघडतं म्हणून सोडून दिलं होतं. आता तिच्या मनात पाल चुकचुकली.

सिस्टरांच्या टेबलाशीच बसून तिने हातातलं काम आधी उरकलं. खरं तर ती घाबरली होती आणि काम ही तिची लपायची जुनी जागा होती. तिने ती नाजूक बाई प्रोग्रॅममधून कायमची घालवली. एका घंटेसाठी दर सेकंदाला लिहिण्याऐवजी एकदाच लिहायचं, अशी समजही त्या दिवट्याला दिली. राहता राहिल्या त्या जुन्या, न मिटलेल्या घंटा. लॅपटॉपवरूनच त्या पुसता येतात का ते तिने पाहिलं. येत नव्हत्या. टेबलाशी बसून कोणाला खोटं बोलता येऊ नये म्हणून बनवणाऱ्याने एकच वाट ठेवली होती: पलंगाशी जायचं आणि हिरवं बटण दाबायचं. एकदा दाबलं की त्या पलंगाच्या सगळ्या घंटा मिटणार.

"म्हणजे प्रत्येक खोलीत जावं लागणार," सिस्टर म्हणाल्या. "मामा, हिला घेऊन जा."

मामा आले. दोघं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत निघाली. भिंगरी पलंगामागे वाकून बटण दाबायची, मामा पलंग जरा ओढून धरायचे. आजी-आजोबांना आधी धास्ती वाटली, मग भिंत गप्प राहते हे कळल्यावर काहींची निराशाच झाली. "आता ती बोलत नाही? छान आवाज होता हो," चार नंबरचे म्हणाले. बंडाच्या सभेत यांनीच सगळ्यात आधी हात वर केला होता, असं मामांनी बाहेर आल्यावर सांगितलं. तेवढंच काय ते बोलले. दहा नंबर झाला आणि अकराच्या दारात ते थांबले.

आत आता जेलरबाई राहत होत्या. जन्मभर तुरुंगात नोकरी केलेली बाई. त्या पडल्या पडल्या दोघांकडे, कोठडीतून पळायच्या बेतात असलेल्या कैद्यांकडे बघावं तसं बघत होत्या. आत्याची खिडकी तीच होती, पडदा नवा होता.

"ताई," मामा म्हणाले, "बटण दाबायच्या आधी ऐका. तुम्ही विचारलं नाहीत तोवर मी गप्प बसलो. आता गप्प बसलो तर मला झोप यायची नाही."

भिंगरीने चौकट धरली. "सांगा."

"घंटा वाजली तेव्हा मी जेवायला बसलो होतो. आत्याबाई दिवसातून किती वेळा घंटा वाजवायच्या तुम्हाला ठाऊक आहे. खिडकी उघड, खिडकी लाव. मी म्हटलं दोन घास राहिलेत, खाऊन जातो. खाल्ले. हात धुतला. मग गेलो."

हेच ते उत्तर होतं. इतके दिवस ज्याच्या भीतीने ती इमारतीला वळसा घालत होती ते. गेलं नव्हतं असंही नाही, धावत गेलं होतं असंही नाही. दोन घास. तिला वाटलं या माणसाच्या थोबाडीत द्यावी. हात उचलला गेला असता, तो तिने चौकटीवरच घट्ट ठेवला.

"दोन घास," ती म्हणाली.

"हो."

"मग?"

"गेलो तेव्हा शुद्धीत होत्या. पांढऱ्याफटक पडलेल्या, घाम सुटलेला, पण तोंड चालू. मला पाहून म्हणाल्या, जेवलास का. हो म्हटलं. मग बस म्हणाल्या. मी आधी डॉक्टरांना फोन केला, ते निघाले. मग तुमचा नंबर लावायला लागलो तर त्यांनी मनगट धरलं. ताकद बघा, सुटेना." मामांनी आपलं मनगट दुसऱ्या हाताने धरलं. "म्हणाल्या, भिंगरीला आत्ता नको लावू. ही तिची जेवायची वेळ. ती एकदा ताटावरून उठली की परत बसत नाही, लहानपणापासूनची खोड आहे. जेवू दे तिला पोटभर, मग लाव. मी म्हटलं, आत्याबाई, असं कसं. तर म्हणाल्या, मी सांगते ते ऐक, नाहीतर भूत होऊन तुझ्याच मानगुटीवर बसेन. हात धरून बसलो. डॉक्टर जिना चढत होते तेव्हा गेल्या."

भिंगरी चौकट सोडून पलंगापर्यंत आली.

"मग मी थोडा थांबलो. सांगितलं होतं म्हणून. आणि मग फोन केला. सगळ्यात आधी विचारलं, जेवलात का."

विचारलं होतं. तिला लख्ख आठवलं. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर ती त्या दिवशी डबा खात होती. कोणीतरी साहेबांची नक्कल करत होतं आणि हसून हसून तिला ठसका लागला होता. डबा चाटून पुसून संपवला, पाणी प्यायली, आणि फोन वाजला. पलीकडून मामा म्हणाले, ताई, जेवलात का. तिला वाटलं होतं, हा माणूस हे काय विचारतोय. ती म्हणाली होती, हो, अगदी भरपेट, का हो?

त्याचे दोन घास. आणि तिचा अख्खा डबा. आत्या वाट बघत होती खरी. पण कोणी यावं म्हणून नाही, भाचीचं जेवण व्हावं म्हणून. भिंगरी पलंगाच्या कडेवर बसली. ती रडली, चांगली आवाज करून रडली. मामांवरचा राग कुठे ठेवावा ते तिला कळेना, कारण तो ठेवायला गेलं की त्या जागी तिचा स्वतःचा डबा दिसत होता.

"दाबा ताई," मामा म्हणाले. "की मी दाबू?"

"नको. मी दाबते."

ती उठून पलंगामागे गेली, वाकली आणि हिरवं बटण दाबलं. बोट तसंच ठेवून थोडा वेळ वाकलेलीच राहिली. खालून जिन्यातून व्यवस्थापकांचा आवाज आला, मॅडम, डिस्क भरायची थांबली, मॅडम, ऐकू येतंय का.

जेलरबाईंनी इतका वेळ सगळं ऐकून घेतलं होतं. त्यांनी मान वळवून भिंगरीकडे पाहिलं.

"माझ्या डोक्यावर बसून रडलीस, माझी भिंत दाबलीस," त्या म्हणाल्या. "मी मघापासून घंटा दाबायच्या बेतात आहे. कंबर मोडली माझी. आली आहेस तर उशी वर कर."

भिंगरीने नाक ओढलं, त्यांच्या मानेखाली हात घातला आणि उशी वर केली.